बोर्डाचा सातबारा

भाच्याने पिशवी माझ्या काउंटरवर उलटी केली. एक रास्पबेरी पाय ४ (एकाच बोर्डावर मावणारा छोटा कॉम्प्युटर), रंगीत जंपर वायरींचा गुंता, एक रिले (इशाऱ्यावर चालणारा स्विच) आणि घड्याळाची दोन मॉड्यूल. "मामा, पहिलं डेड निघालं म्हणून दुसरं मागवलं. तेबी डेड. बोर्डाला दिसायलंच नाही."

एक मॉड्यूल खराब निघतं, त्यात नवल नाही. पण लागोपाठ दोन खराब निघाली की समजावं, खराबी तिसरीकडेच आहे. परभणीत वसमत रोडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि 'पार्ट डेड आहे' म्हणून येणाऱ्या गिऱ्हाइकाचा पार्ट बऱ्याचदा ठणठणीत असतो.

भाच्याचं शेत वसमत तालुक्यात. ठिबकवर हळद. थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री. विहिरीवरची मोटर ठरल्या वेळी चालू-बंद व्हावी आणि मातीचं तापमान तासातासाला टिपलं जावं, एवढंच त्याला हवं होतं. शेडवर नेट धरत नाही, आणि गोम तिथेच आहे. पाय ४ मध्ये सेलवर चालणारं घड्याळ नसतं. बोर्ड नेटवरून वेळ घेतो. नेट नसेल तर लाईट येताच तो साधारण जिथे थांबला होता तिथूनच पुढे मोजायला लागतो. रात्री दहाला लाईट गेली आणि पहाटे चारला आली, तरी बोर्डाच्या मते अजून दहाच वाजलेले. म्हणून त्याने डीएस ३२३१ नावाचं सेलवर चालणारं घड्याळ घेतलं होतं. (पाय ५ मध्ये घड्याळ बोर्डातच दिलंय, फक्त सेल वेगळा जोडावा लागतो.)

आता मूळ मुद्दा. घरच्या पीसीत नवीन कार्ड बसवलं की ते स्वतःहून ओळख देतं. प्रत्येक कार्डाच्या पोटात कंपनीचा नंबर आणि मॉडेलचा नंबर असतो. मशीन सुरू होताना एकेकाला विचारत जातं आणि त्याप्रमाणे ड्रायव्हर जोडतं. यूएसबीचंही तसंच, म्हणून रास्पबेरी पायला माऊस लावला की तो लगेच हलतो. पण या बोर्डाच्या कडेला ज्या चाळीस पिना उभ्या आहेत, त्यांना जोडलेल्या वस्तूंकडे असं ओळखपत्र नसतं. तिथे नुसत्या तारा आहेत, आणि तारेला नाव-गाव विचारता येत नाही. पलीकडे घड्याळ आहे, रिले आहे की काहीच नाही, हे बोर्डाला कुणीतरी लिहून द्यावं लागतं.

ते लिहून दिलेलं दप्तर म्हणजे डिव्हाइस ट्री. माझ्या भाषेत बोर्डाचा सातबारा. अमुक पत्त्यावर अमुक चिप, तमुक पिनेवर तमुक काम, अशी त्यात नोंद असते, आणि लिनक्स, म्हणजे या बोर्डाची ऑपरेटिंग सिस्टिम, सुरू होताना ती वाचून तेवढ्यालाच मानतं. पूर्वी प्रत्येक बोर्डाची माहिती थेट लिनक्सच्या मूळ कोडमध्ये कोंबलेली असायची. एआरएम जातीच्या प्रोसेसरच्या शेकडो बोर्डांमुळे त्याचा इतका गुंता झाला की २०११ साली खुद्द लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स जाहीरपणे वैतागला, आणि त्यानंतर ही माहिती कोडमधून काढून वेगळ्या दप्तरात ठेवायच्या कामाला जोर आला. आपण जी नवी वस्तू जोडतो तिच्यासाठी मूळ दप्तरावर एक जोडनोंद चढते, तिला ओव्हरले म्हणतात. तलाठ्याकडचा फेरफार समजा. मूळ उतारा तसाच, वर फेरफाराची नोंद. आणि फेरफार कुठे द्यायचा? कॉन्फिग डॉट टीएक्सटी नावाच्या साध्या फाइलीत, एका ओळीत.

एकदा हे डोक्यात बसलं की बिघाड शोधताना एकच प्रश्न विचारायचा असतो, आणि गावात तो प्रश्न कुणालाही कळतो: ताबा आहे पण नोंद नाही, की नोंद आहे पण ताबा नाही? पंधरा वर्षं जमीन कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसेल तर बँक पीककर्ज देत नाही. तसंच घड्याळ तारांनी पक्कं जोडलंय, पण फाइलीत नोंद नाही. बोर्डाच्या लेखी ते नाहीच. उलट प्रकारही होतो. नोंद चोख आहे, पण तार निघालेली आहे. दोन्ही वेळा आपल्याला एकच दिसतं, 'चालत नाही'. इलाज मात्र पूर्ण वेगळा. भाच्याने नोंदीच्या बिघाडावर ताब्याचा इलाज केला होता, म्हणजे मॉड्यूल बदललं.

फरक ओळखायचा कसा? बोर्ड स्वतःच सांगतो. (कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत.) हे घड्याळ आयटूसी नावाच्या दोन तारांच्या वाटेवरून बोलतं. एक तार माहितीची, एक ठेक्याची. एकाच वाटेवर अनेक चिपा बसू शकतात, म्हणून प्रत्येकीला घर नंबर असतो. डीएस ३२३१चा नंबर ६८. आयटूसी-डिटेक्ट, डॅश वाय, १ अशी कमांड दिली की पडद्यावर रकान्यांचा तक्ता येतो. ज्या नंबरावर कुणी 'ओ' दिली तिथे तो नंबर उमटतो, बाकी रकान्यांत दोन आडव्या रेघा.

भाच्याच्या बोर्डावर मी कमांड दिली. तक्ता आलाच नाही. डेव्ह नावाच्या फोल्डरात आयटूसी-१ नावाची फाइलच सापडत नाही, अशी एक ओळ आली.

तिथेच निकाल लागला होता. तक्ता आला आणि ६८चा रकाना रिकामा असता, तर वाट आहे पण पलीकडचा माणूस ओ देत नाही, म्हणजे तार बघा. इथे वाटच नव्हती. वाट नोंदीने उघडते, तारेने नाही. मी एकाही तारेला हात लावला नाही.

"फाइलीत ओळ टाकली होतीस का?"

"टाकली की. ही बघा." त्याने बूट फोल्डरमधली कॉन्फिग डॉट टीएक्सटी उघडून दाखवली. ओळ होती, स्पेलिंग बरोबर होतं. आणि त्या ओळीच्या वरच इंग्रजीत लिहिलेलं होतं की ही फाइल बदलू नका, तुम्ही शोधताय ती फाइल आता बूटमधल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली आहे.

"हे वाचलं नाहीस?"

"वरती इंग्लिशमध्ये असंच कायबाय असतंय, म्हणून सोडलं."

२०२३च्या ऑक्टोबरात रास्पबेरी पायच्या सिस्टिमची बुकवर्म नावाची आवृत्ती आली, तेव्हा ही फाइल हलली. त्याने जी माहिती वाचून ओळ टाकली होती ती त्याआधीची. म्हणजे गडी अर्ज घेऊन जुन्या सज्जावर गेला, तिथे 'कार्यालय स्थलांतरित' अशी पाटी होती, आणि याने पाटीखालीच अर्ज चिकटवून दिला. हसू नका, एवढ्या एका चुकीपायी लोकांचे आठवडे गेलेले मी पाहिलेत.

ओळ योग्य फाइलीत टाकली, तरी फसायला अजून दोन जागा आहेत. एक म्हणजे या फाइलीत मधे मधे चौकटी कंसांत मथळे असतात: पाय ४, सीएम ४ (हा वेगळा बोर्ड), ऑल (म्हणजे सगळे बोर्ड). एखाद्या मथळ्याखालची ओळ फक्त त्याच बोर्डाला लागू होते. पाय ४ वापरणाऱ्याने आपली ओळ सीएम ४ खाली टाकली तर ती दुसऱ्याच्या गट नंबरवर चढलेली नोंद. तुमच्या जमिनीला तिचा उपयोग शून्य. म्हणून आपली ओळ ऑलच्या खाली, शेवटी. दुसरी जागा जास्त वाईट. ओव्हरलेच्या नावात एक अक्षर चुकलं तर बोर्ड हूं का चूं करत नाही. पडद्यावर लाल अक्षरं नाहीत, काही नाही. मुकाट्याने ती ओळ सोडून पुढे जातो. अशा वेळी सुडो लावून व्हीसीलॉग, दोन डॅश, एमएसजी ही कमांड द्या. बोर्ड सुरू होताना काय वाचलं, काय लोड झालं, कुठे अडलं, ती सगळी रोजनिशी तिथे मिळते.

आयटूसी चालू करायला मी हाताने ओळ लिहीत नाही, रास्पी-कॉन्फिग हा सेटिंगचा प्रोग्राम वापरतो. त्यात इंटरफेसमध्ये जाऊन आयटूसी चालू केलं की योग्य फाइलीत ओळही पडते आणि तक्ता दाखवायला लागणारं आयटूसी-डेव्ह नावाचं लिनक्सचं मॉड्यूलही (ड्रायव्हरचा तुकडा) लोड होतं. नुसती ओळ लिहिणाऱ्यांचं हे दुसरं राहून जातं, आणि मग 'ओळ तर बरोबर आहे' म्हणत ते डोकं धरून बसतात.

तसं केलं, बोर्ड बंद-चालू केला. तक्त्यात ६८ उमटलं, शिवाय ५७ही. भाचा दचकला, "हे दुसरं कोण?" या घड्याळाच्या बऱ्याच मॉड्यूलवर एक छोटी मेमरी चिपही बसवलेली असते, ५७ तिचा नंबर. मग घड्याळाचा फेरफार टाकला: डीटीओव्हरले बरोबर आयटूसी-आरटीसी, स्वल्पविराम, डीएस३२३१. पुन्हा सुरू केल्यावर ६८ गायब आणि त्या जागी यू यू अशी दोन अक्षरं. ती बघून भाच्याचं तोंड पडलं. पण ही खरं तर आनंदाची खूण आहे. यू यू म्हणजे त्या घराचा ताबा ड्रायव्हरने घेतलाय, मधे कुणी लुडबुड करू नये.

मग दुसरं मॉड्यूल लावलं. तेही चालायला लागलं. "पैसे फुकट गेले की," भाचा म्हणाला. स्पेअर म्हणून राहू दे म्हटलं.

तारांबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण इथे बोर्ड कायमचा जातो. या चाळीस पिनांपैकी सिग्नलच्या सगळ्या पिना ३.३ व्होल्टवर चालतात. ५ व्होल्ट त्यांना सोसत नाहीत. घड्याळाच्या मॉड्यूलला ५ व्होल्टच्या पिनेवरून सप्लाय दिला तर घड्याळ चालतं, पण मॉड्यूलवरचे रेझिस्टर सिग्नलच्या तारासुद्धा ५ व्होल्टकडे ओढतात आणि ते उलट बोर्डात शिरतं. म्हणून घड्याळाला १ नंबरच्या पिनेवरचे ३.३ व्होल्टच द्यायचे. तेवढ्यात ते मजेत चालतं. विहिरीतलं पाणी मोजायला जे दोन डोळ्यांचं अल्ट्रासॉनिक सेन्सर लोक लावतात, त्याच्या इको पिनेवरही ५ व्होल्ट येतात. मधे दोन रेझिस्टर घालून व्होल्टेज उतरवल्याशिवाय ती बोर्डाला लावू नका. आणि तारा काढ-घाल करताना सप्लाय बंद. हे मी स्वतः एक बोर्ड जाळून शिकलोय.

आठवड्याने फोन आला. "मामा, दुकानात चांगलं चाललं होतं, शेतात मधीच अडकायलंय."

दुकानात चालतं आणि शेतात नाही, तर दोन्हीकडे बदललं काय ते आधी मोजायचं. तीन गोष्टी बदलल्या होत्या: सप्लाय, ऊन आणि तारांची लांबी. मी रविवारी गेलो. शेडमध्ये बोर्डाला मोबाइलचा जुना चार्जर आणि दोन मीटरची बारीक केबल लावलेली, वर नेटचं डोंगल. गावाकडून रेंज ओढायचा त्याचा प्रयोग चालू होता.

व्हीसीजेनकमांड गेट-थ्रॉटल्ड ही कमांड प्रत्येकाने पाठ करावी. उत्तर आलं ५०००५, आधी शून्य-एक्स लावलेला. हा आकडा पन्नास हजार पाच असा वाचायचा नाही, एकेका घरात वाचायचा. उजवीकडचं शेवटचं घर म्हणजे आत्ता काय चाललंय. डावीकडचं पहिलं घर म्हणजे बोर्ड चालू झाल्यापासून एकदा तरी काय घडून गेलंय. त्या घरात १ म्हणजे व्होल्टेज कमी, २ म्हणजे वेगाला टोपी घातली, ४ म्हणजे वेग खाली खेचला, ८ म्हणजे तापमानाची पहिली मर्यादा ओलांडली. ५ म्हणजे ४ अधिक १. आत्ताही व्होल्टेज कमी आणि वेग खेचलेला, आधीही तेच. नुसतं शून्य आलं तर सप्लाय निर्दोष.

बोर्डाला साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली मिळालं की तो ही खूण करतो. पाय ४ला अडॅप्टर सांगितलाय ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा. चार्जरवर ५ व्होल्ट छापलेले असतात हो, पण ते चार्जरच्या तोंडाशी. केबलच्या दुसऱ्या टोकाला किती पोचतं? ठिबकवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. नळी बारीक आणि लांब असेल तर शेवटच्या ड्रिपरला पाणी थेंबथेंबच येतं. बारीक केबलीत जाऊन-येऊन पाव ओहम रोध धरा. बोर्ड आणि डोंगल मिळून २ अँपिअर ओढू लागले की अर्धा व्होल्ट केबलीतच मुरतो. ५ मधून अर्धा गेला, उरले साडेचार. गंमत अशी की बोर्ड बंद पडत नाही. लाल दिवा जरासा फडफडतो, वेग उतरतो, डोंगल मधेच सुटतं, आणि आपण दोष देतो प्रोग्रामला. जाड, आखूड केबल आणि नीट अडॅप्टर लावला, बोर्ड पुन्हा सुरू केला. उत्तर शून्य.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी सप्लाय, मग नोंद, मग तारा. सप्लाय अर्धवट असताना बाकीची कुठलीही तपासणी म्हणजे तापात वजन करण्यासारखी.

उन्हाचं थोडक्यात. चिप ८० अंशांना पोचली की बोर्ड आपणहून वेग कमी करतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४३-४४ असतात, पत्र्याच्या शेडमधल्या बंद डब्यात किती होत असेल ते तुम्हीच बघा. चिपेवर उष्णता बाहेर टाकणारी पट्टी (हीटसिंक) चिकटवा, डब्याला खालून-वरून भोकं पाडा, आणि डबा पत्र्यापासून खाली, सावलीच्या भिंतीला लावा.

मातीच्या तापमानाचा सेन्सर, डीएस १८बी२०, एका वाक्यात पार पडला नाही. तो ८५ अंश दाखवत होता. मराठवाड्यातला उन्हाळा कडक आहे, कबूल, पण ठिबकखालची माती ८५ अंश? हा आकडा ओळखून ठेवा. सेन्सरला नुकता करंट मिळालाय आणि त्याने अजून मोजलंच नाही, तेव्हा तो हाच आकडा देतो. कोऱ्या पाटीवरचा आकडा तो. वारंवार येत असेल तर सेन्सरचा करंट मधे मधे तुटतोय. इथेही जोडाला पीळ मारून वर नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली होती. डाग देऊन घेतला, थांबलं. या सेन्सरला सिग्नलची तार आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लागतो. तो नसेल तर २८ने सुरू होणारा फोल्डर यायच्या जागी शून्य-शून्यने सुरू होणारे भुताटकीचे फोल्डर दिसायला लागतात.

राहिला रिले. तो 'टक्' म्हणत नव्हता. प्रोग्राम म्हणतोय चालू, रिले गप्प. (रिले थेट मोटर चालवत नाही, तो फक्त स्टार्टरच्या कॉइलला इशारा देतो. ती स्टार्टरमधली जोडणी वायरमनकडूनच करून घ्या.) मी मल्टिमीटरची काळी पिन ग्राउंडला आणि लाल रिलेच्या इनपुटला लावली. ३.३ व्होल्ट. भाच्याला प्रोग्राम चालू-बंद करायला सांगितलं. ३.३, ३.३, ३.३. काटा ढिम्म.

"कुठल्या पिनेला लावलंयस?"

"सतरा. प्रोग्राममधीबी सतराच हाय."

आणि हाच तो घोटाळा. या बोर्डावर पिनांना दोन नंबर आहेत. एक जागेचा: कोपऱ्यातून मोजत गेलं की १ ते ४०. दुसरा चिपेचा, जीपीआयओ नंबर, आणि बहुतेक प्रोग्राम तोच वापरतात. जीपीआयओ १७ जागेने ११व्या पिनेवर आहे. जागेने १७वी पिन म्हणजे ३.३ व्होल्टचा कायमचा सप्लाय. ती कशी हलणार? गावात घर नंबर वेगळा आणि रेशन कार्डाचा नंबर वेगळा, तसंच. टर्मिनलमध्ये पिनआउट हा एकच शब्द टाइप करा, दोन्ही नंबरांचा नकाशा समोर येतो.

तार १७वरून ११वर घेतली. प्रोग्राम सुरू करायच्या आधी मी थेट पिन हलवून बघितली: पिन-कंट्रोल, सेट, १७, ओपी, डीएल. हा रिले सिग्नल खाली गेला की ओढतो, वर गेला की सोडतो, म्हणून डीएल, म्हणजे सिग्नल खाली. 'टक्'. भाचा शेजारीच उकिडवा बसला होता, म्हणाला, "अजून एकदा करा."

पाय ५ घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की तिथे पिना आरपी१ नावाची वेगळी चिप सांभाळते, त्यामुळे जुनी आरपीआय डॉट जीपीआयओ लायब्ररी चालत नाही. जीपीआयओ-झिरो वापरा. बोर्डाने नवीन दप्तर घातलंय आणि तुम्ही जुन्या नमुन्यात अर्ज देताय, असा तो प्रकार.

निघताना मी कॉन्फिग फाइलीची आणि अख्ख्या कार्डाची एकेक प्रत काढून घेतली. लाईट अचानक जात राहिली की मेमरी कार्ड कधीतरी उडतंच, त्याला इलाज प्रतीचाच. मग डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला, आणि त्यावर भाच्याकडूनच बॉलपेनने लिहून घेतलं: कुठली तार कुठल्या पिनेला, कुठल्या रंगाची, फाइलीत कुठली ओळ. रिलेसमोर त्याने लिहिलं, "जागा ११, प्रोग्राम १७", आणि १७ला दोनदा गोल केला.